काउन्सेलिंग शिकायला गेलात, मग स्वतःबद्दल का लिहायला लावतात?

नमस्कार मंडळी! काउन्सेलिंगच्या कोर्सला गेलेल्यांची एक ठरलेली कुरकुर असते. "आम्ही लोकांना मदत करायला शिकायला आलो, अन् हे आमच्याच मनाची डायरी लिहायला लावून राहिले!"

वर्गात काय घडतं, बघा. तिघींचा गट. एक समुपदेशक, एक क्लायंट, तिसरी नुसतं बघणार. क्लायंट झालेली म्हणते, "नीटचं दुसरं वर्ष आहे. बाबांनी वर्ध्याहून आणून धरमपेठेत खोली करून दिली. टेस्टचे मार्क आले की मी त्यांचा फोनच उचलत नाही." समोरची लगेच, "अगं, होईल सगळं! टेन्शन नको घेऊस."

झालं. पोरगी गप्प.

त्या रात्रीच्या डायरीत बहुतेक जण लिहितात, "आज ऐकण्याचं महत्त्व कळलं." याचा काडीचा उपयोग नाही बाप्पा! कामाची नोंद अशी असते: "तिनं फोनचं काढलं अन् माझ्याच पोटात गोळा आला. बारावीत मीही बाबांना टाळायची. मग धीर मी तिला दिला, की मला?"

समुपदेशकाच्या स्वतःच्या भावना मध्ये येतात आणि त्या त्यानं ओळखायला हव्यात, हे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९१० मध्येच सांगितलं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं १९५७ साली माणूस बदलायला लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यातली एक अशी, की त्या नात्यात समुपदेशक आतून-बाहेरून सारखा असावा. आत धडधड अन् वर शांत चेहरा, हे त्यात बसत नाही.

कोर्समध्ये बहुधा शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्जचं १९८८ चं चक्र देतात, म्हणजे अनुभवावर विचार करायचे क्रमानं प्रश्न: काय झालं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढे काय करणार. पोरं पहिल्या प्रश्नावर पान भरतात आणि "काय वाटलं" याला एक ओळ. माझं ऐकाल तर उलटं करा. आपण कुठे घाई केली, कुठे विषय बदलला, तेवढ्या एका मिनिटावरच लिहा.

आणि ते सुपरव्हायजरला, म्हणजे तुमच्या कामावर नजर ठेवणाऱ्या अनुभवी समुपदेशकाला दाखवा. एकट्यानं लिहीत बसलं की माणूस स्वतःलाच छान पटवून देतो.

हो, डायरीत क्लायंटचं नाव, कॉलेज, मोहल्ला काही लिहायचं नाही. नागपूर कितीही वाढलं तरी इथे तिसऱ्या वाक्याला ओळख निघते!