आवाज फाडायचा, पण कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

1961 साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्स यांचं 'डोन्ट वरी' हे गाणं गाजलं. त्यात ग्रेडी मार्टिन यांनी वाजवलेला बास गिटारचा तुकडा असा घरघरतो, की स्पीकर गेला असावा असंच वाटतं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनेल बिघडला होता आणि तो टेक तसाच ठेवला गेला. रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. 1962 मध्ये गिब्सन कंपनीने ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने, पायाने दाबायच्या डबीत, बाजारात आणलं. असा आवाज मुद्दाम फाडण्याला डिस्टॉर्शन म्हणतात. आज ते करणारी प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर ढिगाने मिळतात आणि नवे लोक 'कुठलं घेऊ' यातच अडकतात. त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो तो प्लगइनमध्ये काय शिरतं आणि बाहेर पडल्यावर त्याचं काय केलं जातं, याने.

आत काय घडतं ते आधी बघू. लहर ठरावीक उंचीच्या वर गेली की तिचं टोक छाटलं जातं, आणि छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात. 100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 100 कंपनांचा, सूर वरून-खालून सारखाच छाटला तर 300, 500, 700 असे विषम उपस्वर येतात. आवाज पोकळ आणि करडा होतो. एकाच बाजूने जास्त छाटला तर 200 आणि 400 सुद्धा येतात आणि सूर भरीव लागतो.

हे झालं एका सुराचं. दोन सूर एकदम शिरले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही सूर निघतात, आणि खरी पंचाईत इथे होते. हार्मोनियमचं उदाहरण घेऊ. षड्ज 240 हर्ट्झवर धरला तर समान अंतराने लावलेल्या पेटीत पंचम 359.6 येतो. वजाबाकी 119.6, म्हणजे जवळजवळ खालच्या सप्तकातला षड्जच. म्हणून सा-प कितीही फाडले तरी दमदार लागतात. रॉक गिटारवाले भरपूर डिस्टॉर्शनवर हीच जोडी का वाजवतात ते यावरून कळेल. आता सा आणि ग घ्या. त्याच पेटीत गांधार 302.4 वर असतो. वजाबाकी 62.4. दोन सप्तकं खालचा षड्ज आहे 60 वर, म्हणजे हा नवा सूर षड्ज आणि कोमल रिषभ यांच्या मध्ये लोंबकळतो. कोणीही न वाजवलेला बेसूर खर्ज गाण्यात शिरतो. मग ईक्यूने, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, कितीही कापाकापी करा, चिखल जात नाही. गांधार कानाने जुळवून 300 वर आणलेला असेल तर वजाबाकी बरोबर 60 येते आणि भांडण मिटतं. तसा नसेल, तर प्रत्येक सूर वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, वेगवेगळा फाडा आणि मग एकत्र करा. कष्ट आहेत, पण फरक पहिल्याच ऐकण्यात कळतो.

खर्जाच्या वाद्यांना वेगळी वागणूक लागते. बासची किंवा ढोलकीच्या धुमची लहर सगळ्यात मोठी असते, त्यामुळे छाटणीची सगळी जागा तीच खाते. वरचे नाजूक आवाज तिच्या तालावर गुदमरतात आणि मूळ धक्काही बोथट होतो. त्यासाठी ट्रॅकची प्रत काढा. एका प्रतीवर 120 हर्ट्झच्या वरचं कापा आणि ती स्वच्छ ठेवा. दुसरीवर 120 च्या खालचं कापा, आणि हे कापणं डिस्टॉर्शनच्या आधीच करा. ही दुसरी प्रत हवी तेवढी फाडा आणि तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, अगदी खालून हळूहळू वर आणा. मोबाईलच्या स्पीकरवर 50 हर्ट्झ ऐकूच येत नाही. पण 100, 150, 200 हे उपस्वर ऐकू आले की कान खालचा सूर आपणच जुळवून घेतो. मात्र दोन्ही प्रती मिसळल्यावर खर्ज पातळ झाला, तर एकीची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लहर वरची खाली करून, बघा. ती उलटल्यावर आवाज भरला, तर फिल्टरमुळे दोन्ही लहरी एकमेकींना मारत होत्या.

गळ्यासाठी माझी पहिली पसंती अशी: डिस्टॉर्शनच्या आधी ईक्यूवर 2 किलोहर्ट्झच्या आसपास 6 डेसिबल चढवा, आणि नंतर तिथेच 6 डेसिबल उतरवा. आवाजाचा तोल जवळपास तोच राहतो, पण खरखर नेमकी शब्दांच्या धारेवर बसते. 'स' आणि 'श' मात्र आधीच डी-एसरने, म्हणजे असे सीत्कार दाबणाऱ्या साधनाने, दाबून घ्या. 48 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने घेणाऱ्या प्रोजेक्टमध्ये 24 किलोहर्ट्झच्या वर काही मावत नाही. 7 किलोहर्ट्झच्या सीत्काराचा पाचवा उपस्वर 35 वर जायला हवा, तो उलटा फिरून 13 वर आदळतो. सुराशी काही नातं नसलेली ही किरकिर घालवायला प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतल्या आत जास्त नमुने घेऊन काम करण्याची सोय, चार पटीवर ठेवा. हळू आणि जोराच्या आवाजातलं अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर आधी लावला तर हळू म्हटलेले शब्दही फाटतात. न लावता फक्त जोराचे शब्द फाटू दिले तर गाण्यातली तळमळ जास्त उमटते.

बिट, म्हणजे आवाजाची उंची मोजायच्या पायऱ्या, कमी करण्याची तऱ्हा याच्या नेमकी उलटी. छाटणी मोठ्या आवाजाला धरते, तर 8 बिटच्या 256 पायऱ्या हळू आवाजाची वाट लावतात. म्हणून पियानोची विरत जाणारी शेपटी त्यात सुंदर कुरकुरते, आणि सतत जोरात वाजणाऱ्या ट्रॅकवर फारसं काही जाणवत नाही.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखी गुंज देणारा इफेक्ट, डिस्टॉर्शनच्या आधी लावून बघा. एरवी मागे असलेली गुंज पुढे येऊन भिंतीसारखी उभी राहते. अशा वेळी रिव्हर्बच्या आधी 300 हर्ट्झच्या खालचं कापलं नाही तर सगळं गढूळ होईल.

प्रत्येक बदलानंतर आउटपुट खाली ओढून मूळ आवाजाच्या बरोबरीला आणा, मगच तुलना करा. मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि या फसवणुकीपायी गरजेच्या दुप्पट ड्राइव्ह, म्हणजे फाडण्याचा जोर, लावला जातो. रेकॉर्डिंग करताना माइकच्या इनपुटवरच आवाज फाडू नका, कारण तिथे छाटलेलं परत येत नाही. स्वच्छ फाइल जपा आणि जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या स्पीकरमधून तीच वाजवून, दोन-तीन इंचांवर माइक धरून पुन्हा रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टिचकी घाला, म्हणजे नवी प्रत जुनीशी जुळवताना झालेला उशीर त्या टिचकीवरून मोजता येईल.