हात मागे बांधून

(निवासी कलाशिबिरात पहिल्यांदाच ताई-दादा म्हणून येणाऱ्या तरुणांशी झालेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

तुमचे फॉर्म मी वाचले. ‘शिबिरात का यायचंय?’ या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलंय, ‘मला लहान मुलं खूप आवडतात.’ आवडू देत, माझी हरकत नाही. पण सातव्या दिवशी, सलग तीन रात्री झोपेचं खोबरं झालेलं असताना, हरवलेली एक चप्पल शोधून दे म्हणून तोच मुलगा सहाव्यांदा दारात उभा राहतो, तेव्हा ही आवड कुठे जाते कोण जाणे. मी तर एकदा त्याला माझी चप्पल काढून दिली होती आणि दिवसभर अनवाणी फिरले होते. तो काही आदर्श उपाय नव्हे, फक्त सांगितलं.

आपलं शिबिर नऊ दिवसांचं. मुलं दहा ते चौदा वर्षांची, आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा. चित्रं, मुखवटे, बाहुल्या, नाटक हे शिकवायला त्या त्या कामातली माणसं येणार आहेत. तुम्ही शिकवायचं नाहीये. हे ऐकून दोघा-तिघांचे चेहरे पडले, मला दिसलं. तुमचं काम पावणेसहाला आंघोळीच्या बादल्यांपासून सुरू होतं. बूट घालण्याआधी ते आपटायला लावणं, कारण कोकणात मे महिन्यात विंचू बुटात झोपतो. पानात टाकलेली भाजी कुणाची आणि का टाकली ते बघणं. दुपारच्या उन्हात मुलं विहिरीकडे फिरकणार नाहीत हे बघणं. आणि सत्र चालू असेल तेव्हा मुलांच्या मागे बसणं, हात आपल्याच मांडीवर ठेवून. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे. का, ते सांगते.

माझं तिसरं वर्ष होतं. मुखवट्यांचं सत्र. वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मैद्याची खळ. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. पण मोरचूद विषारी. मुलांच्या हाताखालच्या खळीत ते घालायचं नाही. म्हणून मग या उकाड्यात कालची खळ आज आंबते आणि रोज सकाळी ताजी शिजवावी लागते. ते असो. माझ्या गटातली अकरा वर्षांची एक मुलगी म्हैस करत होती. चार दिवस करत होती. एक शिंग वर गेलेलं, दुसरं कानाच्या खाली लोंबलेलं, नाकाचा भाग एका बाजूला सरकलेला. शेवटच्या दिवशी पालक प्रदर्शन बघायला येणार. आदल्या रात्री मुलं झोपल्यावर मी तो मुखवटा खाली घेतला. लोंबणारं शिंग कापून, तारेचा आधार देऊन वर चिकटवलं. नाकपुड्या नीट केल्या. वरून काळ्या रंगाचा एक हात मारला. छान दिसायला लागली म्हैस. मी खूश होऊन झोपले.

सकाळी तिची आई आली. मुलीने तिला हाताला धरून सगळे मुखवटे दाखवले. वाघ कुणी केला, राक्षस कुणी केला, सगळं नावानिशी. म्हशीपुढून दोघी सरळ पुढे गेल्या. आई म्हणाली, “अगं, पण तुझा कुठला?” ती म्हणाली, “माझा वाळलाच नाही.” मी दोन पावलांवर उभी होते.

जेवताना आईशी गप्पा निघाल्या. त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीचं एक शिंग लहानपणीच दुखावलं होतं आणि ते खालीच वाढलं होतं. पोरगी रोज तिला चारा घालायची. चार दिवस ती बघून बघून, आठवून आठवून ते शिंग करत होती, आणि मी ते एका रात्रीत दुरुस्त करून टाकलं होतं.

तेव्हापासून मी सत्रात बसताना हात मागे घेते, अगदी खरोखर पाठीमागे. हसू नका. तुम्हालाही तेच करायला लावणार आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मराठीत बालनाट्याला मोठी परंपरा आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हा त्यांचा आग्रह होता की मुलांना दाखवायचं नाटक मोठ्यांच्या नाटकाइतकंच नेटकं हवं, नेपथ्यापासून प्रकाशापर्यंत. आणि ते बरोबरच होतं, कारण ते मुलांसाठी केलेलं नाटक होतं. आपण शिबिरात करतो ते मुलांनी केलेलं. घोळ होतो तो इथे. पालक येणार, फोटो निघणार म्हटलं की आपल्याला मुलांच्या कामाला ‘मुलांसाठी’वाला नेटकेपणा आणायची घाई होते. एखाद्या शिबिराच्या प्रदर्शनात चाळीस चित्रं एकाच वळणाची दिसली, तर ती चित्रं कुणाची आहेत ते मला विचारू नका, सांगता येतं.

याच्या उलट काय असतं ते पिंगुळीला बघाल. कुडाळला लागूनच हे गाव. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिथे टिकून आहे. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि ही कला जपली, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना घेऊन आपण पाचव्या दिवशी पिंगुळीला जातो. मागे एकदा एका मुलाच्या हातात बाहुलीचे दोरे दिले होते. बाहुलीचा पाय हातात अडकला, मान मागे गेली, दोऱ्यांचा गुंता झाला. आमचा दादा पुढे सरसावला. देणारा कलाकार शांतपणे म्हणाला, “ऱ्हवांदे. सोडवीत तो.” दहा मिनिटं लागली. बाकीची मुलं ती दहा मिनिटं श्वास रोखून बघत होती, खेळापेक्षा जास्त लक्ष देऊन.

आता रात्रीबद्दल. पहिल्या रात्री सहसा कुणी रडत नाही, नवलाई असते. दुसरी आणि तिसरी रात्र जड. दिवे गेले की आणखी जड, आणि वळिवाच्या आधी इथले दिवे जातातच. तेव्हा दोन वाक्यं बोलायची नाहीत. एक, ‘रडतोस काय, मोठा झालास ना.’ दुसरं, ‘नाहीच करमलं तर बाबांना बोलावून घेऊ.’ दुसरं वाक्य प्रेमळ वाटतं, पण एकदा ते कानावर पडलं की मूल शिबिरात राहत नाही, बाबांची वाट बघत बसतं. घरी पाठवायचं की नाही ते शिबिरप्रमुख ठरवतील, आणि लागलं तर पाठवतीलही. तुम्ही परस्पर वचन द्यायचं नाही.

मग करायचं काय? कोल्हापूरहून आलेला एक मुलगा दुसऱ्या रात्री बूट घालून, स्वतःच्या बॅगेवर बसून होता. झोपायला तयार नाही, बोलायला तयार नाही. मी त्याला म्हटलं, स्वयंपाकघरात मावशी एकट्याच मटकी निवडतायत, सकाळच्या उसळीसाठी भिजत घालायचीय, येतोस? आला. बूट घालूनच. मावशींनी काही विचारलं नाही, परात पुढे सरकवली. कंदिलाच्या उजेडात तो खडे काढत बसला. अर्ध्या तासाने म्हणाला, “आमची आजी चष्मा घालून निवडते, तरी तिला खडे दिसत नाहीत.” मग आजीबद्दल बरंच बोलला, थोडं रडला, आणि बूट तिथेच काढून झोपायला गेला.

अंथरूण ओलं होतं, दहा-अकरा वर्षांच्या मुलांचंही होतं. त्याची चर्चा नको, इतर मुलांसमोर तर नकोच नको. आमच्याकडे जुनी युक्ती आहे. त्या सकाळी ‘आज सगळ्यांनी अंथरुणं उन्हात घालायची’ असा हुकूम निघतो. सगळ्याच चादरी धुतो. कामाचा ढीग होतो, पण कुणाची कुठली ते कुणाला कळत नाही.

काही नियम आहेत, त्यांत मात्र गप्पा नाहीत. बंद खोलीत एक मोठं माणूस आणि एक मूल, असं कधीही नको. मटकीच्या वेळी मावशी होत्या, दार सताड उघडं होतं, ते उगाच नव्हे. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढायचे नाहीत. आणि एखादं मूल म्हणालं, ‘ताई, एक सांगते, पण कुणाला सांगू नकोस,’ तर ‘नाही सांगणार’ म्हणू नका. ‘तुला मदत लागणार असेल तर मला सांगावं लागेल,’ असं म्हणा. मग ऐका, खोदून खोदून विचारू नका, आणि त्याच दिवशी शिबिरप्रमुखांकडे या. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लावलेला असेल, तुमच्याही फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. मी थांबते. घाला.

झालं? आता नाटकाचं.

सिंधुदुर्गात दशावतार आहे. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरते, कुणी कुठलं सोंग घ्यायचं ते ठरतं, कलाकार स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे बोलतो. आपण मुलांचं नाटकही तसंच बसवतो, पाठांतर नाही. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी राजा झालेला मुलगा दरबारात येऊन उभा राहिला आणि गप्प झाला. पूर्ण गप्प. समोर शंभरेक पालक. मी पडद्याआड, त्याच्यापासून हातभर लांब. ‘प्रधानजी, राज्यात काय चाललंय’ एवढंच म्हणायचं होतं, माझ्या जिभेवर होतं ते. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले, आणि ओठही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. प्रधान झालेली मुलगी नखं खात होती.

मग राजा सिंहासनाकडे, म्हणजे आपल्या त्या निळ्या खुर्चीकडे, नीट बघत म्हणाला, “प्रधानजी, या खुर्चीत बसलं की मला काही आठवतच नाही. तुम्ही बसून बघा.” आणि प्रधान बसली! पुढची वीस मिनिटं राज्य तिने चालवलं. ठरलेल्या कथेत असं काही नव्हतं. राजाचे वडील मागच्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवत होते.

चहा आलेला दिसतोय. चहा झाला की मागच्या पडवीत या, मैदा भिजवून ठेवलाय. खळ शिजवताना गुठळ्या होऊ द्यायच्या नसतील तर सारखं ढवळावं लागतं. तिथे मात्र हात पुढे लागतील, दोन्ही.