वर रेघ, खाली टिकली

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय स्टेशनच्या पाटीवरच्या तिसऱ्या ओळीबद्दल. वर मराठी, मध्ये हिंदी आणि खाली रोमन. त्या खालच्या ओळीकडे आपण कशाला बघतोय! आपलं काम वरच्या ओळीतच होतं. पण काहींचं होत नाही, आणि आजचं बोलणं त्यांच्याविषयी आहे.

कॅलिफोर्नियात सॅन होझे म्हणून शहर आहे. नाव स्पॅनिश. १९७९ साली तिथल्या नगर परिषदेनं ठरवलं, की नावातल्या शेवटच्या ‘ई’ अक्षरावर तिरकी रेघ द्यायची. शहराच्या मुद्रेवर द्यायची, कागदपत्रांवर द्यायची, खात्यांच्या नावांतही द्यायची. पुढे जून २०२० मध्ये बार्ट नावाची तिकडची लोकल रेल्वे त्या शहरात पोचली, आणि स्टेशनाचं नाव ठरलं बेरीएसा-नॉर्थ सॅन होझे. रेघेसकट. ही रेघ लक्षात असू द्या, ती आता आपल्या लोकलमध्ये चढणार आहे.

माझी भाची त्या गावात वाढली. मराठी छान बोलते, अगदी ‘इश्श’सुद्धा जागच्या जागी म्हणते. पण देवनागरी वाचता येत नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत ती आली होती, आणि डोंबिवलीला एका केळवणाला आम्ही दोघी निघालो. दादरहून स्लो लोकल, बायकांचा डबा. तिला खिडकीजवळची सीट मिळाली, मी दाराशी अडकले. डब्यात एका बाजूला भजन रंगलेलं, दुसऱ्या बाजूला मेथी निवडणं चाललेलं. (गाडीत निवडलेल्या मेथीची भाजी घरी निवडलेल्यापेक्षा चांगली होते असं माझं मत आहे. दुकानातली ती निवडून पाकिटात भरलेली मेथी मात्र मला दाखवूही नका.) टाळांच्या आवाजात गाडीतली घोषणा काही ऐकू येत नव्हती. म्हणून भाचीनं स्वतःच घोषणा सुरू केली. स्टेशन आलं, की पाटी वाचायची. मोठ्यानं.

कुर्ला बरोबर आलं. घाटकोपरपर्यंत निभावलं. मग आलं ‘कॅन्जर मार्ग’. समोरच्या बाईंनी मेथीतून मान वर केली. मग ‘भॅनडप’. मग ‘नेहर’. नाहूरचं नेहर! मुलुंडचं ‘म्युलंड’ झालं तेव्हा भजनातल्या दोघींचा ताल चुकला. आणि मग ही शेजारणीला अगदी अदबीनं विचारते, “काकू, थेन कधी येईल?”

“कोण येईल?”

“थेन. मावशी म्हणाली, थेनला गर्दी उतरते.”

काकूंनी पलीकडे विचारलं, पलीकडच्यांनी त्यांच्या पलीकडे. थेन नावाची कुणी मुलगी हरवली आहे, अशी बातमी माझ्यापर्यंत दाराशी पोचली! मी तिथूनच ओरडले, “अगो, ठाणे! ठाणे म्हणायचंय तिला!”

डबा हसला, आणि पोरीचे कान लाल झाले. ती म्हणाली, “पण लिहिलंय तसंच वाचलं ना मी? टी, एच, ए, एन, ई.” आणि खरंच की हो. लिहिलंय तसंच वाचलं होतं तिनं. इंग्रजीच्या सवयीनं शेवटचा ‘ई’ मुकाच राहणार.

मेथीवाल्या बाई बहुतेक शिक्षिका असाव्यात. त्यांनी पिशवीतून एका लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं, बॉलपेन काढलं आणि पाठीमागे रोमन अक्षरांत ठाणे लिहिलं. “हे बघ बाळा, ‘ए’च्या डोक्यावर आडवी रेघ दिली की तो आ. रेघ नसली की अ. कळलं?” कळलं. “आता थ आणि ठ. दोन्हीला टी-एचच. मग ठ ओळखायचा कसा?” इथे बाई अडल्या. तेवढ्यात पिना-टिकल्या विकणारी एक ताई गर्दीतून वाट काढत आली होती, ती खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, “खाली टिकली लावा की!” आणि पाकिटातून एक बारीक काळी टिकली काढून तिनं ती ‘टी’च्या खाली चिकटवली. शब्दशः चिकटवली! मग ‘एन’खाली दुसरी, म्हणजे न चा ण झाला.

राहिला तो शेवटचा मुका ‘ई’. भाचीनं बाईंच्या हातातलं पेन घेतलं, ‘ई’वर एक तिरकी रेघ ओढली आणि म्हणाली, “हे आमच्या होझेचं. आता तो बोलेल.” आणि वाचलं, “ठाणे.” स्वच्छ. गाडी तोवर ठाण्यात शिरत होती.

पुढे कळव्यात ‘एल’खाली टिकली लागली, ळ झाला. दिव्याला ती ‘डीव्हा’ म्हणत होती, तिथे ‘आय’ला काही नको आणि शेवटच्या ‘ए’वर रेघ, एवढ्यात काम झालं. टिकल्यांचे पैसे घ्यायला ती ताई तयार होईना. शेवटी आम्ही पिनांचं एक पाकीट विकत घेतलं.

आता गंमत ऐका. त्या बायकांनी जे केलं, ते पंडितांनी कधीच करून ठेवलंय. १८९४ साली जिनिव्हात प्राच्यविद्येच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. तिथे संस्कृत रोमन अक्षरांत लिहायची जी पद्धत ठरली, ती हीच. दीर्घ स्वरावर रेघ. ट, ठ, ड, ढ, ण यांच्याखाली टिंब. पुढे आपल्या ळ लाही तेच टिंब मिळालं. वर रेघ, खाली टिकली. तिरक्या रेघेचा ‘ई’ तेवढा पंडितांचा नाही, तो आमच्या डब्याचा.

आणि सरकारदरबारी हे कधी नव्हतंच, असंही नाही. जेम्स कॅम्बेल यांनी संपादलेलं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर काढून बघा. ठाण्याचा खंड १८८२ चा, नाशिकचा १८८३ चा, साताऱ्याचा १८८५ चा. तिथे गावांच्या रोमन नावांत दीर्घ ‘ए’वर तिरकी खूण छापलेली आहे. साताऱ्यात सा वर आणि ता वर, नाशिकात ना वर. पुस्तकात होती, आज फलाटावर नाही.

लोक म्हणतात, एवढ्याशा रेघेनं काय होतं? रेल्वेच्या कित्येक पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात, दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांसकट. ती उंची वाचून कुणी गाडीतून उतरलेलं मला तरी ठाऊक नाही. तिला जागा आहे, तर नावावरच्या रेघेलाही आहे.

दुसरा आक्षेप तिकिटाचा. मोबाइलवर रेघेसकट नाव टाइप कोण करणार? कुणी करू नये. पाटीवरचं अधिकृत नाव रेघेसह, आणि शोधताना साधी अक्षरं टाकली तरी तेच स्टेशन समोर यावं. ती जबाबदारी यंत्राची, प्रवाशाची नाही. पुन्हा सांगते, पाटीवर रेघ हवी, शोधताना रेघेची सक्ती नको.

हे जमतं का? अमेरिकेतल्या हवाई बेटांवर, होनोलुलूत जमलं. तिथली स्कायलाइन नावाची उन्नत रेल्वे ३० जून २०२३ ला सुरू झाली. स्टेशनांची नावं हवाईयन भाषेत ठेवली, जाणकारांचा गट बसवून ठरवली. दीर्घ स्वरावरच्या रेघेला तिथे काहाको म्हणतात. शब्दाच्या मध्ये घसा क्षणभर अडतो, त्याची खूण म्हणजे ओकिना. ओकिना हे तर त्यांच्या भाषेत चक्क व्यंजन आहे, ते गाळलं तर अक्षरच गाळलं. दोन्ही खुणा पहिल्या दिवसापासून अधिकृत नावांत आहेत. त्यातल्या एका स्टेशनाचं नाव ‘हालावा’, ‘हा’वर रेघ. ती रेघ नसती, तर आपल्या माणसानं सरळ ‘हलवा’ वाचलं असतं. मग तो संक्रांतीचा की बाजारातला मासा, यावर घरी वाद.

आपल्याकडे सगळ्या पाट्या एका रात्रीत बदला, असं मी म्हणत नाही. पण पाट्या अधूनमधून नव्यानं रंगवल्या जातातच, नवी स्टेशनंही बांधली जातायत. मेट्रोच्या नव्या पाट्या छापायला जातील, तेव्हा रोमन ओळ आधी देवनागरी न येणाऱ्या एखाद्याकडून मोठ्यानं वाचून घ्यावी. मणिपूरचा विद्यार्थी चालेल, चेन्नईची नर्स चालेल. जिथे अडखळतील तिथे वर रेघ, खाली टिकली.

भाची परत गेली, पण ते पाकीट इथेच राहिलं. ‘टी’खालची टिकली मध्यंतरी निघाली होती, ती मी परवा नवी लावली. पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. विषय आहे फलाटावरचा चहा, आणि त्यावर मला बरंच बोलायचंय. नमस्कार.