डाव आणि त्याची तोड

[पडद्यावर : ग्लेंडेल, ॲरिझोना. १२ फेब्रुवारी २०२३.]

सुपर बोल. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना. चौथा, म्हणजे शेवटचा क्वार्टर. कॅन्सस सिटी चीफ्स २१–२७ असे मागे आहेत आणि फिलाडेल्फिया ईगल्सची गोलरेषा पाच यार्डांवर आहे. बॉल अजून जमिनीवरच आहे. चीफ्सचा कडेरियस टोनी कडेवरून आतल्या बाजूला पळत निघतो. समोरचे बचावपटू एकमेकांना खुणावतात : हा आता तुझा. नेमक्या त्याच क्षणी टोनी गर्रकन वळतो आणि आला त्या वाटेनं परत सुटतो. पास येतो. टोनीच्या आसपास चिटपाखरू नाही. बॉल गोलरेषेपलीकडे. टचडाउन.

थोड्या वेळानं तोच डाव, दुसऱ्या बाजूनं. या खेपेला स्काय मूर. तोही एकटाच.

चीफ्सनी या डावाचं नाव ठेवलं होतं ‘कॉर्न डॉग’. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये काडीला खोचून विकतात, तो तळलेला सॉसेज. डावांचं बारसं करताना या खेळात कुणी फार गंभीर होत नाही. डाव शोधताना मात्र होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये जॅक्सनव्हिलविरुद्धच्या सामन्यात ईगल्सचा बचाव अशाच उलट्या वळणाला फसला होता. चीफ्सच्या प्रशिक्षकांनी ते चित्रीकरण पाहिलं. चार महिन्यांत ती फट कुणी बुजवली नव्हती.

[पडद्यावर : मैदान वरून. अकरा विरुद्ध अकरा.]

नाव फुटबॉल, पण पायाचं काम इथं बेताचंच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, एवढा हिशोब. मात्र प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो. साधारण चाळीस सेकंदं मिळतात. १९९४ पासून प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल हाती घेऊन डाव चालवणाऱ्याच्या, हेल्मेटमधल्या रेडिओवर डाव सांगतो आणि घड्याळात पंधरा सेकंदं उरली की तो आवाज बंद होतो. थांबा, ठरवा, मग भिडा. म्हणून हा खेळ आखाड्याच्या जवळचा वाटतो. डाव टाकायचा, समोरच्यानं त्याची तोड काढायची, मग तोडीवर नवा डाव.

आज ज्या पासवर सगळं उभं आहे, तो आधी नियमातच नव्हता. त्या काळी कॉलेजच्या मैदानांवर इतकी पोरं दगावत होती, की १९०५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये पुढं पास फेकायला परवानगी मिळाली, तीही हात राखून. पास चुकला तर दंड, कधी तर बॉलच समोरच्यांच्या ताब्यात. कोण कशाला फेकेल?

[पडद्यावर : सिनसिनाटी, १९७०.]

डावांच्या या गोष्टीत मला सगळ्यात आवडतो तो बिल वॉल्श, कारण त्यानं जो डाव मांडला तो नाइलाजातून. सिनसिनाटी बेंगल्सचा तो सहायक प्रशिक्षक होता. १९६९ मध्ये त्यांच्याकडे ग्रेग कुक नावाचा नवाकोरा क्वार्टरबॅक आला. दमदार हात, लांबच लांब पास. त्याच वर्षी त्याचा खांदा दुखावला. पुढच्या हंगामात गाडा ओढायला आला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, फेक अचूक, पण हातात लांबचा जोर नाही.

मग वॉल्शनं मैदान आडवं वापरायला घेतलं. लांबी शंभर यार्ड आहे, पण रुंदीही त्रेपन्न यार्डांहून थोडी जास्तच आहे की! पाच-सहा यार्डांचे छोटे पास, क्वार्टरबॅकची पावलं मोजलेली, पहिला माणूस मोकळा नसेल तर दुसरा, नाही तर तिसरा. पळून जे चार यार्ड मिळायचे, ते आता फेकून मिळवायचे. १९७१ मध्ये अचूक पासच्या टक्केवारीत हाच कार्टर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला.

हीच पद्धत वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन गेला. १९७८ मध्ये नियम बदलले होते. पाच यार्डांच्या पुढं पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला धक्के मारायला बंदी आली होती आणि ती त्याच्या पथ्यावर पडली. जो माँटाना हाताशी आला आणि वॉल्शनं तीन सुपर बोल जिंकले. सामन्यातले सुरुवातीचे डाव तो आधीच कागदावर लिहून आणायचा. या पद्धतीला पुढं नाव पडलं ‘वेस्ट कोस्ट’. जन्म सिनसिनाटीत, म्हणजे ओहायोतला, नाव पश्चिम किनाऱ्याचं!

[पडद्यावर : २१ सप्टेंबर २००८. मायामी विरुद्ध न्यू इंग्लंड.]

आदल्या हंगामात सोळापैकी एकच सामना जिंकलेला मायामीचा संघ. त्या दिवशी क्वार्टरबॅकला कडेला उभं केलं आणि बॉल थेट रॉनी ब्राउनच्या हातात गेला. ब्राउननं चार टचडाउन पळून केले आणि पाचव्यासाठी स्वतःच पास फेकला. मायामी ३८, न्यू इंग्लंड १३. ‘वाइल्डकॅट’ नावाच्या या डावाचा एकच गवगवा झाला. म्हाताऱ्या प्रशिक्षकांना मात्र ओळख पटली असणार. ही तर आजोबांच्या काळातली ‘सिंगल विंग’ नावाची रचना. दोन-तीन हंगामांत बहुतेकांना तोड सापडली आणि वाइल्डकॅट अधूनमधून दिसण्यापुरता उरला.

चीफ्सचे अँडी रीड तर याहून मागं गेले. फेब्रुवारी २०२०, मायामीतला सुपर बोल. चौथा प्रयत्न, हवा फक्त एक यार्ड. बॉल सुटून डाव सुरू होण्याआधी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स आणि त्याच्याबरोबर मागं उभ्या असलेल्या सगळ्यांनी जागच्या जागी एक गिरकी घेतली, अगदी एका तालात. मग बॉल डेमियन विल्यम्सकडे, चार यार्ड. डावाच्या नावात ‘रोज बोल’ होतं, कारण तो १९४८ च्या रोज बोल या कॉलेज सामन्यातल्या मिशिगन विद्यापीठाकडून उचललेला होता. मिशिगननं तो सामना ४९–० ने जिंकला होता. बहात्तर वर्षांपूर्वीचा डाव! त्याची तोड आठवायला मैदानावर कुणी जन्मलेलंच नव्हतं.

बचाववालेही हात बांधून बसत नाहीत. महोम्सचे लांब पास रोखायला संघ दोन-दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, खोल उभे करू लागले. मग चीफ्स छोट्या पासकडे वळले. वॉल्श हसला असता.

२०२३ मध्ये मायामीच्या माइक मॅकडॅनियलनं नियमाची शिवण उसवून पाहिली. बॉल सुटताना डाव टाकणाऱ्या संघातल्या एकालाच हलता येतं, तेही पुढं नाही. म्हणून टायरीक हिल आडवा पळत यायचा आणि बॉल सुटताच त्याच वेगात पुढं वळायचा. त्या सप्टेंबरमध्ये मायामीनं डेन्व्हरवर सत्तर गुण चढवले. काही आठवड्यांतच इतरांचे रिसीव्हरही तसेच आडवे पळताना दिसले. या धंद्यात चोरीला चोरी म्हणत नाहीत.

[पडद्यावर : फिलाडेल्फिया. गोलरेषेवर माणसांचा ढीग.]

आणि शेवटी असा एक डाव, ज्यात नक्षी काहीच नाही. एक यार्ड हवा असला की ईगल्सचा जेलन हर्ट्स बॉल घेऊन पुढं घुसतो आणि मागचे दोघं-तिघं त्याला ढकलतात. हर्ट्स सहाशे पौंड खांद्यावर घेऊन बैठक मारणारा गडी. असं ढकलणं एके काळी नियमात बसत नव्हतं. पंचांना ते नेमकं पकडता येईना, म्हणून २००५ मध्ये ती बंदी उठवली गेली. डाव कधी येणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक असतं, तरी तो बहुतेक वेळा अडत नाही.

मैदानावर तोड मिळेना, तेव्हा ती कागदावर शोधली गेली. मे २०२५ मध्ये लीगच्या बत्तीस संघांपुढं बंदीचा ठराव आला. मंजुरीला चोवीस मतं लागत होती. पडली बावीस. त्या हंगामातही ईगल्स ढकलत राहिले.