आधी जागा, मग कंद: जेरुसलेम आर्टिचोकची लागवड

(इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाच्या बागकाम गटासमोर फेब्रुवारीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आता अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, आहे. कुणाकडे दहा रॉडची पूर्ण, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, कुणाकडे त्यातली अर्धी. यादीत नाव लावून, वाट बघून मिळालेली जमीन असते ही, म्हणून तिच्यातला एकेक वाफा आपण मेथी, कोथिंबीर, बटाटे, फरसबी यांच्यात मोजूनमापून वाटतो. अशा जमिनीत जेरुसलेम आर्टिचोक लावावा का, असं मला बरेच जण विचारतात. जरूर लावा. फक्त एरवी आपण आधी बियाणं आणतो आणि मग जागा शोधतो, तसं इथे करू नका. आधी जागा ठरवा, मग कंद आणा. कारण हे पीक एकदा रुजलं की तिथून सहजासहजी हलत नाही.

हा सूर्यफुलाच्या कुळातला कंद. दुकानात काटेरी कमळासारखा दिसणारा ग्लोब आर्टिचोक मिळतो, ती वेगळी भाजी. हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथले मूळ रहिवासी त्याची शेती करत होते, आणि १६०५ मध्ये शँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने केप कॉडच्या किनाऱ्यावर ती पाहिली. थोड्याच वर्षांत कंद युरोपात पोचले. इंग्लंडमधली एक नोंद मला फार आवडते. हॅम्पशरच्या जॉन गुडियर या वनस्पतिअभ्यासकाला १६१७ मध्ये लंडनहून कोंबडीच्या अंड्यापेक्षाही मोठे नसतील असे दोन कंद मिळाले. एक त्याने मित्राला दिला, एक स्वतः लावला. त्या एका कंदापासून त्याला पेकभर, म्हणजे जवळजवळ नऊ लिटरचं माप भरेल इतकं पीक आलं आणि त्यातूनच त्याने हॅम्पशरभर हे कंद पुरवले. चारशे वर्षांपूर्वीची ही हकिकत लक्षात ठेवा. खत, औषध, खास मशागत यांपैकी काहीही न करता आपल्याकडेही अगदी असंच होतं.

आता जागेविषयी. झाड तीन मीटरपर्यंत जातं. इथे सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते. म्हणून पुस्तकं सांगतात की प्लॉटच्या उत्तर कडेला लावा. पण उत्तर कडेच्या पलीकडे काय आहे, ते आधी बघा. तिथे शेजाऱ्याचे टोमॅटो असतील तर आपली सावली त्याच्या पिकावर जाईल. पलीकडे वाट, शेड किंवा कुंपण असेल तर उत्तम. दुसरं, ही जागा कायमची धरून चाला. पीक काढल्यावर सुपारीएवढा तुकडा जरी मातीत राहिला तरी पुढच्या वसंतात तो उगवतो. म्हणून गाजर, लसूण, पालक यांच्या फेरपालटीच्या वाफ्यांत याला आणू नका. जमीन कमी असेल तर मोठ्या खोल डब्यात, तळाला भोकं पाडून, एखाद-दुसरा कंद लावा. पीक कमी येईल, पण पसरायची धास्ती राहणार नाही.

लागवड सोपी आहे. फेब्रुवारी ते एप्रिल, माती गोठलेली किंवा चिखल झालेली नसेल तेव्हा, दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल चरी काढून एक एक फुटावर कंद ठेवायचे. दोन ओळी लावत असाल तर मध्ये तीन फूट ठेवा. फ्यूझो नावाची जात मिळाली तर तीच घ्या. तिचे कंद लांबट आणि गुळगुळीत असतात, त्यामुळे घासून धुवायला सोपे जातात. साध्या जातीच्या आल्यासारख्या गाठींमध्ये माती अडकून बसते. कोंब आले की बिनशंखाच्या गोगलगायींवर लक्ष ठेवायचं. झाड फूटभर झालं की बुडाशी मातीची भर द्यायची, वाऱ्याने ते हलत नाही. मध्य उन्हाळ्यात शेंडे खुडून ते दीड-दोन मीटरवर आणलं तर आणखी बरं. कडक उन्हाच्या दिवसांत पाणी मात्र द्या. फुलं उशिरा येतात, आणि थंड वर्षी येतही नाहीत. त्याची काळजी नको, कंद तयार होत असतात.

शरद ऋतूत पानं पिवळी पडली की खोडं जमिनीपासून बोटभर उंचीवर कापा. ती फेकू नका, त्याच जागेवर पसरून ठेवा. त्या पांघरुणाखालची माती लवकर गोठत नाही आणि जानेवारीतही फोर्क, म्हणजे माती उकरायचा दाते असलेला काटा, आत जातो. कंदांची साल फार पातळ असते. बटाट्याला असतं तसं बुचासारखं आवरण तिला नाही, म्हणून बाहेर काढले की आठवड्याभरात ते सुरकुततात. जमीन हेच त्यांचं कोठार. लागतील तेवढेच काढायचे.

काढताना फोर्क खोडाला टेकवून घालू नका. हातभर लांबून घाला, दांडा मागे रेला आणि अख्खा गड्डा उचला. मोठे कंद बुडाशी लगडलेले दिसतात, पण पांढऱ्या दोऱ्यांसारख्या फुटव्यांच्या टोकाला बारके कंद लांबवर गेलेले असतात. त्यासाठी गुडघ्यावर बसून, ढेकळं हाताने फोडून माती चाचपावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या वर्षीची शिस्त इथेच ठरते. एका रोपाखाली दीड किलोच्या आसपास माल निघतो, त्यातले चांगले कंद लावणीसाठी बाजूला ठेवा.

आता पोटाविषयी, कारण याबद्दल गुडियरनेही तक्रार करून ठेवली आहे. बटाट्यात स्टार्च असतो, यात इन्युलिन नावाचं वेगळं कर्बोदक. ते आपल्या लहान आतड्यात पचत नाही. तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. हिंग-जिऱ्याची फोडणी जरूर द्या, पण खरा उपाय म्हणजे बेताने खाणं. पहिल्यांदा दोनच कंद खा. लिंबू पिळलेल्या पाण्यात बराच वेळ शिजवले तर काही इन्युलिनचं साध्या साखरेत रूपांतर होतं. थंडीत जमिनीतही हेच होतं, म्हणून कडाक्याच्या थंडीनंतर काढलेले कंद गोड लागतात. आयबीएसचा, म्हणजे पोट वारंवार बिघडण्याच्या आतड्यांच्या विकाराचा, त्रास असणाऱ्यांनी मात्र हे टाळलेलंच बरं. डायबेटिससाठी हा बटाट्याला चांगला पर्याय, असं बोललं जातं. इन्युलिन स्टार्चसारखी रक्तातली साखर वाढवत नाही हे खरं. पण ते औषध नाही, आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

करायला सोप्या म्हणजे काचऱ्या. साल काढायची गरज नाही, ब्रशने घासा. मोहरी, हिंग, हळद, तिखट, वर झाकण न ठेवता परता. झाकण ठेवलं की एकदम लगदा होतो. कच्चा किसून, लिंबू पिळून, दाण्याचं कूट घालून कोशिंबीरही छान होते. लिंबू आधी पिळायचं, नाहीतर कीस काळा पडतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, की नको झालं तर काढायचं कसं? जूनच्या सुरुवातीला. तोवर जुन्या कंदातला साठा कोंबांनी संपवलेला असतो आणि नवे कंद धरलेले नसतात. तेव्हा सगळे कोंब मुळापासून उपटा, आणि पुन्हा येतील तसे पुन्हा उपटत राहा. एक-दोन हंगाम चिकाटी ठेवली तर जमीन मोकळी होते.

आणि हे कंद घरी, भारतात, न्यायचा विचार असेल तर परवान्याशिवाय लावणीचा माल नेता येत नाही. शिवाय त्यांना सुप्तावस्थेतून बाहेर यायला थंडी लागते, आपल्या गावच्या हवेत ते रुजवणं अवघड.

मागच्या टेबलावर फ्यूझोचे कंद ठेवलेत. प्रत्येकी दोनच घ्या. पुढच्या वर्षी त्यातून शेजाऱ्याला द्यायलाही उरतील. लावेपर्यंत ओलसर मातीच्या पिशवीत, थंड जागी ठेवा. बटाट्यांच्या टोपलीत उघडे टाकू नका, सुकून जातील.