थायलंडला निघालात? बाट इथून नेऊ नका

बँकॉकच्या मॉलमध्ये तुम्ही कार्ड देता. काउंटरवरची मुलगी मशीन तुमच्याकडे वळवते आणि स्क्रीनवर दोन आकडे दिसतात, एक बाटमध्ये, म्हणजे थायलंडच्या चलनात, आणि एक रुपयांत. आपला हात आपोआप रुपयांकडे जातो. ओळखीचा आकडा, हिशोब लगेच कळतो. थांबा. बोट बाटवर ठेवा.

नमस्कार मंडळी. आज परदेशात पैसे कसे न्यायचे आणि कसे खर्च करायचे ते बघू. उदाहरणाला थायलंड घेतोय, कारण आपल्याकडची कितीतरी मंडळी पहिल्या परदेशवारीला तिथेच जातात आणि तिथे रोख पैसे भरपूर लागतात. टुकटुक, रस्त्यावरचं खाणं, रात्रीचे बाजार, सगळीकडे नोटा लागतात.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. गुगलवर रुपया-बाटचा जो भाव दिसतो तो बाजारभाव. तो तुम्हाला कुणीही देणार नाही, पण मोजायचं त्याच्याशीच. "आमच्याकडे झिरो कमिशन" या पाटीकडे बघूच नका. कमाई भावातच लपवलेली असते. विचारायचं एवढंच, की सगळं धरून माझे किती रुपये जाणार आणि हातात किती बाट येणार?

(स्क्रीनवर: ५०,००० रुपयांचं उदाहरण)

गणितापुरता बाजारभाव धरू, १ बाट म्हणजे २ रुपये ७० पैसे. विमानतळावरच्या काउंटरने तोच बाट २ रुपये ९५ पैशांना दिला, तर पंचवीस पैसे काहीच वाटत नाहीत. पण ते सव्वानऊ टक्के झाले! ५०,००० रुपयांत साडेअठरा हजार बाट यायला हवेत, तिथे सतरा हजारसुद्धा येत नाहीत. दीड हजार बाट घरून निघायच्या आतच गेले.

बाट इथे महाग का पडतो? आपल्याकडे त्याची उलाढाल कमी. दुकानदाराला नोटा मागवून ठेवाव्या लागतात, त्या पडून राहू शकतात, म्हणून तो खरेदी आणि विक्रीच्या भावात मोठं अंतर ठेवतो. डॉलरचं तसं नाही. डॉलर रोज विकला जातो, तिथे स्पर्धा आहे, म्हणून अंतर कमी. तिकडे बँकॉकमध्येही डॉलरचा भाव चांगला मिळतो. म्हणून दोनदा बदलूनही रुपयांचे डॉलर आणि डॉलरचे बाट हा वळसा बहुतेक वेळा स्वस्त पडतो. उलटं वाटतं, पण करून बघा हिशोब.

डॉलर घेताना १०० च्या नोटा मागा. बँकॉकच्या एक्स्चेंजच्या फलकावर डॉलरचे दोन-तीन वेगवेगळे भाव लावलेले असतात. १०० च्या नोटेला सगळ्यात चांगला, ५, १० आणि २० च्या नोटांना कमी. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. पेनाची खूण, शिक्का किंवा फाटका कोपरा असेल तर तिकडे नोट परत सरकवतात, म्हणून इथल्या काउंटरवरच एकेक नोट तपासून घ्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

घ्यायचे कुठून? रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून किंवा बँकेतून. पासपोर्ट आणि पॅन लागतं, बिल घ्यायचंच. तीन ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारा, "१,००० डॉलर, नोटांमध्ये, जीएसटी धरून किती?" फोनवर भाव थोडाफार खाली येतो, हा आपला हक्काचा खेळ आहे. जीएसटीला घाबरू नका, तो पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे ५०,००० वर ९० रुपये. एका सहलीला नोटांच्या रूपात साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचं कार्डावर.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर जाहिरातीत "इतके रुपये अधिक इतके डॉलर" असं लिहिलेलं असतं. ते डॉलर त्यांच्याकडूनच घ्यायला सांगतील. घ्या, पण आधी त्यांचा भाव बाहेर ताडून बघा.

बँकॉकला उतरलात की सुवर्णभूमी विमानतळाच्या आगमन मजल्यावर बदलायची घाई करू नका. तळमजल्याच्याही खाली, जिथून शहराची रेल्वे सुटते तिथे एक्स्चेंजची छोटी काउंटर आहेत, भाव वरच्यापेक्षा चांगला असतो. पासपोर्ट जवळ ठेवा, तो मागतात. आणि सगळे डॉलर एकदम मोडू नका.

आता कार्ड. साध्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर बऱ्याच बँका परदेशी चलनातल्या खर्चावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे वरचा आकार, लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के. ५०,००० च्या खरेदीवर २,०६५ रुपये. मार्कअप नसलेली कार्डंही मिळतात आणि हॉटेल, मॉल, मोठी बिलं यांसाठी माझं मत सरळ त्यांच्या बाजूने आहे. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. ते बहुतेक कार्डांवर बंदच असतात.

पण मशीनवर रुपये निवडलेत, तर ते मार्कअप नसलेलं कार्डही उपयोगाचं नाही. कारण तेव्हा भाव तुमची बँक किंवा व्हिसा-मास्टरकार्ड ठरवत नाही, मशीनमागची कंपनी ठरवते, आणि ती स्वतःचं भलं बघते. वर काही भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर १ टक्का वेगळा घेतात. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. तिथे "विदाउट कन्व्हर्जन" किंवा "डिक्लाइन" दाबा. डिक्लाइन म्हटलं की व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते. होत नाही, पैसे येतात.

एटीएमचं एक दुखणं आहे. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी साधारण २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क लागतं. २२० धरले, तरी २,००० बाट काढलेत तर ११ टक्के गेले, २०,००० काढलेत तर १.१ टक्का. काढायचेच असतील तर एकदाच भरपूर. क्रेडिट कार्डाने मात्र रोख कधीच नाही, शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

फॉरेक्स कार्डाबद्दल, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवलेल्या कार्डाबद्दल, कमेंटमध्ये नेहमी विचारता. भाव आधीच पक्का होतो, कार्ड हरवलं तर बंद करता येतं, मुलं एकटी जाणार असतील तर उत्तम. पण पैसे भरतानाचा भाव बाजारभावाशी ताडा, गोम तिथेच असते. आणि डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये घासलंत तर चलन बदलल्याचा आकार वेगळा.

यूपीआय सिंगापूर, यूएई, नेपाळ, श्रीलंका अशा ठिकाणी निवडक दुकानांत चालतं. थायलंडला त्याच्या भरवशावर जाऊ नका.

परतताना न मोडलेले डॉलर घरी आणा. २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, पुढच्या सहलीला होतील. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला विकायचे. उरलेले बाट मात्र इथे विकायला गेलात तर पुन्हा तोच मार. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलात आधी रोख बाट द्या, उरलेलं कार्डावर. नाणी एक्स्चेंजवाले घेत नाहीत, ती सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात पाण्याच्या बाटलीवर खपवा.

पुढच्या व्हिडिओत युरो घेऊ. तुमच्या गावात १,००० डॉलरला काय भाव सांगितला, तो तारखेसकट खाली लिहा.