कोकणातली भुतं: कुठे जायचं आणि कुणाला विचारून

मंडळी, "कोकण-गोव्यातल्या टॉप टेन हाँटेड जागा" ही लिस्ट तुमच्यापैकी प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेली असेलच. मी त्यातल्या बऱ्याच जागा फिरलोय, आणि माझं सरळ म्हणणं असं की लिस्टमधली भुतं वेगळी आणि गावातली वेगळी. लिस्टमधलं भूत कुठेही नेऊन बसवता येतं, गावातल्या भुताला हद्द असते, मान असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला काम असतं.

लिस्टमध्ये बहुतेक वेळा वर असतं ते दक्षिण गोव्यातलं कांसावलीजवळचं थ्री किंग्ज चर्च. स्टोरी अशी की तीन पोर्तुगीज राजे गोव्यात भांडायचे, होल्गर नावाच्या एकाने बाकी दोघांना जेवायला बोलावून विष घातलं, मग लोक खवळले म्हणून स्वतःही विष प्यायला, आणि आता तिघे तिथे फिरतात. आता बघा, पोर्तुगालचा राजा बसायचा लिस्बनला, इथे त्याचा गव्हर्नर किंवा व्हाइसरॉय असायचा, मग एकाच वेळी तीन तीन राजे कुठून आले? आणि होल्गर हे नाव डेन्मार्क-स्वीडनकडचं, पोर्तुगीज नाहीच! खरे तीन राजे म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले, बायबलमधले. 6 जानेवारीला त्यांचं फेस्त असतं, आसपासच्या तीन गावांतली तीन मुलं राजांचा पोशाख करून, मुकुट घालून घोड्यावरून टेकडी चढतात. ते बघायला जा की. पण लोक जातात रात्री बारा वाजता, मोबाइल घेऊन.

मग वसईचा किल्ला. 1534 पासून वसई पोर्तुगीजांकडे होती, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी घेतली. लिस्ट म्हणते तिथे रात्री पोर्तुगीज सैनिकांचे आवाज येतात. अहो, तह झाल्यावर पोर्तुगीज आपलं सामानसुमान घेऊन रीतसर बाहेर पडले, तटाखाली हजारोंनी पडली ती मराठ्यांची माणसं, त्यामुळे भुतं असलीच तर ती जास्त करून मराठीच बोलणार ना! आवाजाचं म्हणाल तर पडक्या चर्चच्या भिंतींत गव्हाणी घुबड बसतं, पांढरं तोंड, आणि ओरडतं ते असं की कुणीतरी गळा दाबल्यासारखं. एकदा ते ऐकलंत की लिस्टवर विश्वास बसतो, त्यात तुमची चूक नाही.

मुंबई-गोवा हायवेवरच्या कशेडी घाटाबद्दल फार बोलत नाही. वळणं, धुकं, रात्रभर गाडी हाकून पेंगलेले ड्रायव्हर, एवढं पुरेसं आहे, पांढऱ्या साडीतली बाई कशाला पाहिजे.

आता गावातली भुतं, माझा खरा विषय हा. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण इथे तो ग्रामदेव, पुरुषभर उंचीपेक्षाही मोठी मूर्ती. नवस फेडायला लोक केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपलांचा जोड वाहतात, आणि चपला पण अशा की आपले दोन पाय एकीत मावतील. गावकरी सांगतात, रात्री तो राखणीला फिरतो म्हणून तळ झिजतात. सांगणाऱ्याच्या तोंडावर भीती अजिबात नसते, उलट नाइट ड्यूटीवरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

तसाच वाडीवाडीचा राखणदार, गोव्याकडे देवचार. त्याला रोट, दारू, विडी. विहीर खणायची, घर बांधायचं, तर आधी गाऱ्हाणं घालायचं, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. रात्री वाट चुकलेल्याला काठी आपटत घरापर्यंत सोडतो म्हणतात. याचा मान वर्षाच्या वर्षाला दिला की विषय संपला.

आणि आणखी एक, हा माझा अंदाज हां, पुरावा मागू नका. ज्याच्या बागेतले नारळ चोरीला जातात त्याच्या बागेत समंध, म्हणजे मालमत्तेत जीव अडकलेल्या माणसाचं भूत, लवकर येतो. मालक मुंबईला, सातबाऱ्यावर ढीगभर नावं, कोर्टात दावा चालू, घराला कुलूप, आणि माडावर रात्री कांडेचोर, म्हणजे उदमांजर, खुडबुड करतोय, मग शेजारी म्हणणारच की तिथे काहीतरी आहे. फुकटात राखण होते, कुणाला नको?

म्हणून सांगतो, जा, सगळीकडे जा, पण दिवसा जा, देवळात गुरवाला नाहीतर गावकाराला, म्हणजे गावच्या मानकऱ्याला, विचारून जा. बंद घरांत शिरून रील काढायच्या भानगडीत पडू नका, तिथल्या दगडांखाली भुतापेक्षा फुरसं, म्हणजे विषारी साप, भेटायची शक्यता जास्त. आणि चावलंच तर गाऱ्हाणं घालत बसू नका, गाडी काढा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.